मुकद्दस-ओपाचे डोळे आले

उझबेकिस्तानात कोकंदहून रिश्तानकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्लास्टिकचे डबे बनवणारा एक कारखाना आहे. हलव्याचे डबे, दह्याचे डबे, त्यांची झाकणं. त्या कारखान्यात मालकाला न घाबरणारी माणसं पुष्कळ होती. मुकद्दस-ओपाला न घाबरणारं मात्र एकही नव्हतं.

मुकद्दस-ओपा, म्हणजे मुकद्दसताई, आधी बावीस वर्षं बाळंतपणाच्या इस्पितळात मुख्य नर्स होती. तिथे तिने भल्याभल्या डॉक्टरांना दारातून परत पाठवून पुन्हा हात धुवायला लावले होते. कारखान्याचा मालक हिकमतुल्ला-अका, म्हणजे हिकमतुल्लादादा, याने तिला स्वच्छतेचं खातं दिलं, तेव्हा तिला नवीन काही शिकावं लागलं नाही. बाळांच्या जागी डबे आले, इतकंच.

कपडे बदलायच्या खोलीतून यंत्रांच्या हॉलमध्ये जायला एकच दार होतं आणि त्या दारापाशी ओपाचं टेबल. टेबलावर एक आरसा, कोटावरचे केस टिपायचा चिकट रूळ आणि लाल पुठ्ठ्याची वही. केस जाळीत, जाळी टोपीच्या आत, कानही टोपीच्या आत. दाढी असेल तर तिलाही जाळी. कोटाला खिसा नाही, कारण खिशात काहीतरी राहतं. गुंडी नाही, कारण गुंडी तुटते. अंगठी, कानातलं, घड्याळ, नखांचा रंग, खोट्या पापण्या, सगळं दाराबाहेर. अत्तरसुद्धा नाही, कारण प्लास्टिक वास धरतं आणि मग गिऱ्हाईक विचारतं की हलव्यात गुलाब कोणी कुस्करला.

एर्गाश-अका हा यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. पहिल्याच दिवशी तो कुरकुरला.

"ओपा, माझ्या डोक्यावरून डब्यात पडणार काय? ऊन?"

"घाम. घाल जाळी."

त्याने घातली.

सगळ्यांत जास्त खटके उडायचे ते सनोबरशी. सनोबर झाकणांच्या यंत्रावर होती. पंचविशीची, नटायची हौस दांडगी आणि जीभ त्याहून धारदार. वसंतात तिच्या बहिणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी ती पापण्या लावून कामावर आली. अशा लांब, की डोळे उघडले तर वारा लागावा.

"ओपा, उद्या बहिणीचं लग्न आहे. परवा काढते ना."

"लग्न बहिणीचं आहे की डब्याचं?"

"बहिणीचं."

"मग बहिणीकडे जा. नाव?"

"माझं नाव तुम्हाला माहीत नाही?"

"मला आहे. वहीला नाही. नाव?"

सनोबरने नाव सांगितलं, सही केली, अर्ध्या दिवसाच्या पगारावर पाणी सोडलं आणि आठवडाभर जेवणघराच्या फळ्यावर तिचं नाव झळकलं. त्या वर्षात तिचं नाव फळ्यावर सहा वेळा चढलं. एर्गाश-अका म्हणायचा, "पुसता कशाला? राहू द्या, खडू तरी वाचेल."

तर अशा या मुकद्दस-ओपाच्या मुलाचं, बुन्योदचं, लग्न ठरलं. शनिवारी लग्न आणि पुढच्या मंगळवारी कारखान्याचं स्वच्छतेचं ऑडिट. ताश्कंदची एक मोठी डेअरी यांचे डबे घ्यायला तयार होती, पण ऑडिटचा दाखला हातात पडल्यावरच. ओपाने गेले दोन महिने सगळी तयारी डोळ्यांत तेल घालून केली होती. नियमांचं पुस्तक तिने स्वतः लिहिलं, एकेक कलम. सगळं जागच्या जागी लावलं आणि मग गुरुवार ते सोमवार सुट्टी टाकली.

बुधवारी संध्याकाळी विहीणबाईंचं बोलावणं आलं. विहीणबाई म्हणजे झेबिनिसो. बाजाराच्या तोंडाशी तिचं ब्युटी पार्लर होतं. गुलाबी पडदे, भिंतभर आरसे, आणि बोलण्यात मध असा की माणसाला चिकटून बसावं. ती म्हणाली, "मुकद्दस-खोन, नवऱ्या मुलाची आई तुम्ही. फार काही करत नाही. भुवयांना उस्मा लावून देते, आपल्या आज्या लावायच्या तसा. माझ्याकडून भेट."

विहिणीची भेट नाकारायची नसते. नाकारली तर सुनेच्या मागोमाग टोमणेही घरात येतात आणि सुनेपेक्षा जास्त दिवस टिकतात. ओपा खुर्चीत आडवी झाली. भुवयांवर उस्म्याच्या पानांचा गार रस बसला. महिनाभर गाद्या शिवणं, पाहुण्यांची यादी, पुलावाचे तांदूळ, यांत तिला धड झोप मिळाली नव्हती. डोळे मिटायला सांगितले, तिने मिटले, आणि ती जी घोरायला लागली ती दीड तासाने उठली.

आरशात एक बाई होती. भुवया काळ्याभोर. आणि डोळ्यांवर पापण्या, दाट, वर वळलेल्या, सनोबरच्याही तोंडात मारतील अशा.

"हे काय केलंत?" ओपा ओरडलीच.

"गाढ झोपला होतात. म्हटलं, वेळ हाताशी आहे तर होऊन जाऊ दे," विहीणबाई गोड हसली. "बघा तरी नीट."

ओपाने नीट बघितलं. खरं सांगायचं तर ती रागावायला म्हणून वाकली आणि वाकलेलीच राहिली. गेली कित्येक वर्षं ती आरशात पाहायची ते जाळीबाहेर केस आलाय का, एवढंच. त्या जाळीखाली असा चेहरा आहे हे ती साफ विसरून गेली होती.

"निघतील कधी?" तिने आवाज शक्य तितका कडक ठेवून विचारलं.

"तीन आठवडे हलत नाहीत. तुम्ही सोमवारी या. माझ्याकडचं पाणी लावलं की सुटतात. ओढू मात्र नका हं, तुमच्या स्वतःच्याही निघून येतील."

सोमवारी काढायच्या, मंगळवारी ऑडिट. हिशेब सरळ होता. घरी जाताना कोपऱ्यावरच्या नानवाल्याने तिला न मागता भट्टीतून नुकताच काढलेला नान दिला आणि वर विचारलं, "माहेरी आलात वाटतं?" ओपाने भुवई चढवून नान घेतला. पण घरापर्यंत ती जरा सावकाशच चालली.

गुरुवारी सकाळी सातला फोन वाजला. हिकमतुल्ला-अका.

"ओपा, वेरा अँद्रेयेव्ना आजच येतायत. फरगान्याच्या कारखान्यात वीज गेली, त्यांचा दिवस मोकळा झाला. अकरा वाजता इथे."

"अका, मी सुट्टीवर आहे."

"तुम्ही येणार नसाल तर तसं सांगा, मी आत्ताच इस्पितळात जाऊन पडतो."

वेरा अँद्रेयेव्ना पाक ही ऑडिटर. ताश्कंदची कोरियन बाई, साठीला टेकलेली, चणीने एवढीशी. तिच्याविषयी असं सांगत की एका बिस्किटाच्या कारखान्यात तिने मालकाच्या सासूला पाकिटबंद करायच्या खोलीतून बाहेर काढलं होतं आणि सासू तिच्या पाया पडून गेली होती.

ओपाने आधी विहीणबाईंना फोन लावला. विहीणबाई पहाटेच सुनेचे कपडे आणायला नमनगानला गेलेली, फोन बंद. साबण लावला, काही नाही. गरम पाण्याचा फडका ठेवला, काही नाही. मग तिने स्वयंपाकघरातलं सरकीचं तेल घेतलं. आजवर डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता, आज ते खरोखरच घालावं लागलं. डावा डोळा अर्धा तास चोळल्यावर एक झुबका हातात आला. पण विहीणबाईंनी बजावलं होतं तसंच झालं. खोट्यांबरोबर खऱ्याही आल्या. डावा डोळा लाल आणि बोडका झाला, उजवा तसाच नवरीसारखा सजलेला.

तिचा नवरा चहाचा पियाला घेऊन दारात उभा होता. त्याने एक घोट घेतला. मग म्हणाला, "उजवीकडून बसेन मी आजपासून."

"तू चहा पी," ओपा म्हणाली.

उजव्याला हात लावायला आता वेळही नव्हता आणि छातीही नव्हती. ती कारखान्यात आली ती मागच्या बाजूने. एर्गाश-अकाच्या दुरुस्तीच्या खोलीत घासकामाचे गॉगल होते, निळसर काचेचे, गालापर्यंत झाकणारे. त्यातला एक तिने उचलला आणि डोळ्यांवर चढवला.

दारापाशी बायकांची रांग लागली होती. ओपाने एकेकीला आरशासमोर उभं केलं, रूळ फिरवला, हात बघितले. आपला चेहरा मात्र तिने आरशाकडे वळू दिला नाही. सनोबरची पाळी आली.

"ओपा, गॉगल?"

"डोळे आलेत."

"दोन्ही?"

"दोन्ही. पुढे हो."

सनोबर पुढे झाली नाही. तिने हवेत वास घेतला. "तळणीचा वास कुठून येतोय? कोणी समोसे करून आलंय का?"

"सनोबर!"

"जाते, जाते. मी आपलं विचारलं. वासाबद्दल नियम आहे ना, म्हणून."

अकराला पाच कमी असताना वेरा अँद्रेयेव्ना आली. हिकमतुल्ला-अका नवा सूट घालून, गाल दुखेपर्यंत हसत तिच्यामागे. तिने कानातले काढून पाकिटात ठेवले, बाकावर बसून बूट बदलले, बाकाच्या पलीकडे पाय टाकला, हात धुतले. कोट, जाळी, टोपी. सगळं असं शांतपणे, जसं दुसरी बाई शाल पांघरते. मग ती अकाकडे वळली.

"अंगठी."

अकाच्या बोटात अकीकाची मोठी चांदीची अंगठी होती. दहा वर्षांपूर्वी बोट बारीक असताना घातलेली. ओपाच्या वहीत कारखान्यातल्या सगळ्यांची नावं येऊन गेली होती, पण त्या अंगठीपाशी तिचं पेन दरवेळी अडखळायचं. मालक तो मालक. अका साबण घेऊन नळावर गेला आणि बोट टोमॅटोसारखं करून परत आला. अंगठी जिथल्या तिथे.

"अंगठी आत जाणार नाही," वेरा अँद्रेयेव्ना म्हणाली. "तिला एकटीला सोडवत नसेल तर तुम्हीही तिच्यासोबत बाहेर बसा."

अका बाहेर राहिला. हॉलच्या भिंतीला मोठी काच होती, तिच्यापलीकडे बाकावर तो नाक काचेला लावून बसला.

आत सगळं सुरळीत चाललं होतं. ओपा दाखवत होती, ऑडिटर बाई बघत होती, लिहीत होती. झाकणांच्या यंत्रापाशी ती थांबली. तिथे सनोबर होती आणि शेजारी झाकणं मोजून भरणारी म्हातारी तोजिखोन.

"तुमचा गॉगल कशासाठी?" तिने सहज विचारलं.

"डोळे आलेत."

वेरा अँद्रेयेव्नाचं पेन थांबलं. तिने काखेतलं नियमांचं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं आणि वाचलं. "कलम नऊ. डोळे, कान, नाक किंवा जखम यांतून पू अथवा पाणी येत असल्यास अशा व्यक्तीने हॉलमध्ये पाऊल टाकू नये. हे कोणी लिहिलं?"

"मी," ओपा म्हणाली.

"छान लिहिलंय. मग आज सकाळपासून तुम्ही ज्यांना हात लावलात त्या सगळ्यांना बाजूला घ्यावं लागेल. आणि सकाळपासूनचा सगळा माल रोखावा लागेल. किती डबे झालेत?"

"अडतीस हजार," सनोबर तत्परतेने म्हणाली.

काचेपलीकडे अकाला ऐकू काही येत नव्हतं. तो बायकोला दाखवायला म्हणून फोनवर फोटो काढत होता.

अडतीस हजार डबे म्हणजे कोकंदच्या सगळ्या हलवायांना दोन दिवस वाट बघायला लावणं. तोंड उघडावं की नाही या विचारात असतानाच एर्गाश-अका मदतीला धावला. यंत्रामागून डोकं काढून तो म्हणाला, "रोग नाही हो बाईसाहेब! मी सकाळी लोखंड घासत होतो, त्याचा कीस ओपाच्या डोळ्यांत गेला."

"लोखंडाचा कीस?" वेरा अँद्रेयेव्नाने पान उलटलं. "कुठे घासत होतात? इथे? डब्यांपाशी?"

एर्गाश-अकाचं डोकं यंत्रामागे परत गेलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असं ओपाला वाटलं. पण फुफाट्याच्याही पुढे काही असतं. तोजिखोन हात पुसत पुढे आली.

"लेकी," ती ऑडिटर बाईला म्हणाली, "एर्गाशला काही कळत नाही. बिचारीचा एकुलता एक मुलगा परवा बोहल्यावर चढतोय. आई आहे. रडरड रडलीये रात्रीपासून. डोळे सुजलेत, लाज वाटते दाखवायला. बाकी काही नाही."

वेरा अँद्रेयेव्नाचा चेहरा पहिल्यांदाच सैल पडला. तिने पुस्तक मिटलं. "असं होय. माझ्याही मुलाच्या लग्नात मी तीन दिवस रडत होते. आणि सून चांगली होती तरी." तिने भिंतीवरच्या पेटीतून एक कागदी रुमाल ओढला आणि ओपापुढे धरला. "गॉगल काढा, नीट डोळे पुसा. घाई नाही. मी थांबते."

आता रुमाल पुढे, पाठीमागे यंत्र, आणि भोवती बावीस बायका. यंत्रं चालू होती, पण हात सगळ्यांचे थांबलेले. ओपाने इस्पितळात रक्त पाहिलं होतं, बेशुद्ध पडलेले बाप पाहिले होते, पण अशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिने गॉगल काढला.

डावा डोळा कोंबडीच्या पिल्लासारखा बोडका, कडा लालबुंद. उजवा असा की त्याच्यावर कविता करावी. तोजिखोनने "वाय" म्हणून तोंडावर हात धरला. यंत्रामागून खुदकन आवाज आला आणि लगेच दाबला गेला.

"खोट्या आहेत," ओपा म्हणाली. तिचा आवाज कुठून आला तिलाच कळलं नाही. "विहिणीने लावल्या. मी झोपले होते. रोग नाही, कीस नाही. रडलेही नाही मी. खोटं बोलले."

"डाव्या कुठे आहेत?" वेरा अँद्रेयेव्नाने विचारलं.

"घरी. मोरीत."

"सगळ्या?"

"मोजल्या नाहीत."

ऑडिटर बाईने तेही लिहून घेतलं.

तेवढ्यात सनोबर यंत्र बंद करून दाराकडे गेली आणि टेबलावरची लाल वही घेऊन आली. वही उघडली, पेनाचं टोपण दातांनी काढायला गेली, मग नियम आठवून बोटांनी काढलं आणि ओपासमोर ताठ उभी राहिली.

"नाव?"

"सनोबर, आत्ता नको..."

"मला माहीत आहे. वहीला नाही. नाव?"

बावीस जाळ्या पुढे वाकल्या. ओपाने सनोबरकडे बघितलं. पोरीचे डोळे नुसते नाचत होते, पण पेन वहीवर नेमक्या रकान्यात टेकलेलं होतं. जसं शिकवलं होतं तसंच.

"मुकद्दस योल्दोशेवा," ओपा म्हणाली.

"खातं?"

"स्वच्छता."

"कारण?"

"पापण्या."

"लग्न मुलाचं आहे की डब्याचं?"

"मुलाचं," ओपा म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू फुटलं. ते तिने कसंबसं ओठांत कोंडलं. तिने सही केली. सनोबरने दाराकडे हात दाखवला आणि मुकद्दस-ओपा, कारखाना सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, आपल्याच दारातून बाहेर काढली गेली.

बाकावर हिकमतुल्ला-अका सरकला. "तुम्हाला का काढलं?"

ओपाने चेहरा त्याच्याकडे वळवला. अकाने आधी डावा डोळा पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. त्याने खिशातून सुरकुतलेला सफेद रुमाल काढून कपाळ पुसलं आणि आपलं सुजलेलं बोट मांडीवर ठेवून काचेतून बघत बसला. थोड्या वेळाने त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. ओपाला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"दाखला गेला, अका," ती म्हणाली. "हसता काय?"

"मग काय करू? अंगठी तर निघत नाही."

आत आता ऑडिटर बाईला हॉल दाखवायला कोणीतरी हवं होतं, आणि दाखवत होती सनोबर. काचेतून दिसत होतं सगळं, ऐकू काही येत नव्हतं. सनोबर बोटांवर काहीतरी मोजत होती. मग तिने आपल्या कानाच्या पाळीकडे बोट केलं. मग दहाही नखं पसरून दाखवली. मग मनगट हुंगून दाखवलं. ऑडिटर बाई लिहीतच होती.

"ती काय सांगतेय एवढं?" अकाने विचारलं.

"माझी गाऱ्हाणी," ओपा म्हणाली. "वर्षभराची साठवलेली."

आणि तिला वाटलं, सांगू दे. वसंतातला तो अर्धा दिवस तिला आठवला. बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पोरगी रस्त्याने एकटीच चालत गेली होती आणि ओपाने वही मिटून पुढच्या बाईला आरशासमोर बोलावलं होतं. नियम बरोबरच होता. पण "मुबारक हो" एवढं म्हणायला कोणत्या कलमाने अडवलं होतं?

दीड वाजता वेरा अँद्रेयेव्ना बाहेर आली, जाळी काढली, कानातले परत घातले आणि मालकाच्या खोलीत चहाला बसली. अका आणि ओपा समोर, शिक्षकांसमोर बसावं तसे. सनोबर दारापाशी.

"मी चौदा वर्षं हे काम करतेय," ऑडिटर बाई म्हणाली. "नियम पाठ केलेल्या बायका सगळीकडे भेटतात. ऑडिटच्या आदल्या दिवशी पाठ करतात, मी गेल्यावर विसरतात. पण प्रत्येक नियम तारखेसकट पाठ असलेली बाई मी आज पहिल्यांदा पाहिली." तिने वहीत बघितलं. "कानातलं, नऊ फेब्रुवारी. तुटून डब्यात पडू शकतं. पापण्या, चौदा मार्च आणि पुन्हा तीस मार्च. नखांचा रंग, दोन मे, तो खरवडून निघतो. अत्तर, एकोणीस मे. तेव्हा अत्तर लावलेल्या हातांनी भरलेली झाकणं हलव्यावर ठेवून वास येतो का ते तुम्ही तिला हुंगून बघायला लावलंत म्हणे."

"लावलं," ओपा पुटपुटली.

"येत होता?"

"येत होता," दारातून सनोबर म्हणाली. "मला पटलं नव्हतं. हुंगल्यावर पटलं."

वेरा अँद्रेयेव्नाने चहाचा घोट घेतला. दोष तिने चार लिहिले होते. मालकाची अंगठी. दुरुस्तीच्या खोलीतला गॉगल न धुता हॉलमध्ये. खोट्या पापण्या. आणि आजाराबद्दल खोटी माहिती, हा सगळ्यांत मोठा. तीस दिवसांत सुधारून कळवायचं, मग दाखला. अडतीस हजार डबे सुटले.

"खोटं बोलल्याचा दोष जास्त का?" अकाने धीर करून विचारलं. "नुकसान तर काही झालं नाही."

"पापणी दिसते, खोटं दिसत नाही," ती म्हणाली. "उद्या खरंच कोणाचे डोळे आले आणि तो म्हणाला की विहिणीने पापण्या लावल्यात, तर?" मग उठता उठता ती ओपाच्या उजव्या डोळ्याकडे वाकली. "काम मात्र सुरेख आहे. डावीकडे तुम्ही स्वतः हात घालायला नको होता."

गाडी गेल्यावर ओपा कपडे बदलायच्या खोलीत आली. सनोबर कोटाची घडी करत होती.

"सगळं सांगितलंस तिला," ओपा म्हणाली.

"माझंच सांगितलं. तुमचं कुठे काय सांगितलं?" सनोबर म्हणाली. "तुमचं तर तिने डोळ्यांनीच बघितलं."

ओपाला आभार मानायची सवय नव्हती. ती उगाच चिकट रूळ उचलून आपल्या कोटावर फिरवत राहिली. "मंगळवारपासून सकाळची वही तुझ्याकडे," ती शेवटी म्हणाली. "आणि शनिवारी लग्नाला ये. बहिणीलाही आण. तिला मी मुबारक म्हटलं नाही अजून."

"पापण्या लावून येऊ?"

"वाटेल तेवढ्या."

विहीणबाई शुक्रवारी नमनगानहून आली. डावा डोळा बघून तिने कपाळावर हात मारून घेतला आणि दोन तास खपून तो उजव्यासारखा केला. या वेळी ओपा जागी होती. शनिवारी तिने त्याच डोळ्यांनी सून घरात घेतली, नाचली, आणि सनोबर नाचायला उतरली तेव्हा तिच्या डोक्यावरून पैसेही ओवाळले. सोमवारी पापण्या निघाल्या. मंगळवारी सकाळी सनोबरने तिला आरशासमोर उभं करून बॅटरी डोळ्यांवर मारली, "वर बघा. खाली बघा. जा," म्हणाली, आणि जेवणघरातल्या फळ्यावर आठवडाभर मुकद्दस योल्दोशेवा हे नाव सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात राहिलं. अकाची अंगठी सोनाराने कापली. ताश्कंदचा दाखला महिन्याच्या आत आला.

त्यानंतर ओपाने नियमांच्या पुस्तकात एक कलम वाढवलं. घरात लग्न असेल त्याला चार दिवस सुट्टी, त्या दिवसांत नटावं, थटावं, काय हवं ते लावावं, आणि पाचव्या दिवशी सगळं काढून कामावर यावं. सोबत लग्नपत्रिका जोडावी.

झालं. त्या उन्हाळ्यात कारखान्यातल्या घराघरांत लग्नांचा असा सुकाळ आला की विचारू नका. भाच्यांची लग्नं, पुतण्यांची लग्नं, शेजाऱ्यांच्या दिरांची लग्नं. एर्गाश-अकाने मेहुणीची पत्रिका आणली. त्याला मेहुणी नव्हती. ऑगस्टात तोजिखोनने धाकट्या मुलाची पत्रिका टेबलावर ठेवली. त्या मुलाला दोन पोरं होती आणि ओपाने दोन्ही इस्पितळात स्वतःच्या हातांनी झेलली होती.

ओपाने पत्रिका उलटीपालटी करून पाहिली. मग म्हातारीकडे पाहिलं. तोजिखोन छताकडे बघत होती.

"मुबारक हो," ओपा म्हणाली आणि सही केली.